चौथा जोड

आमची ही बोलते कमी आणि घड्या घालते जास्त. हॉस्पिटलच्या लाँड्रीत सारी नोकरी चादरी धुण्यात आणि इस्त्री करण्यात गेली. अजूनही टोकाला टोक जुळल्याशिवाय माझा रुमाल खिशात जात नाही. घरातलं बोलण्याचं खातं पहिल्यापासून माझ्याकडे. गावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलो, पण तेवढ्या भांडवलावर जन्मभर तोंड चालवणारा माझ्यासारखा दुसरा दाखवा!

या तोंडाला सगळ्यात जास्त काम दिलं ते हिच्या अंगठीनं. जुन्या घडणीची, मधोमध तांदळाएवढा हिरा. लग्न ठरलं तेव्हा आजोबांनी ती आजीच्या बोटात घातली. आजीनं पुढे माझ्या आईला दिली, आईनं हिला. आजोबा खाणीत दगड फोडायचे, मग हिरा आला कुठून? मी सांगायचो, नदीत बुडणाऱ्या एका कप्तानाला त्यांनी वाचवलं, त्याची ही भेट. ऐकणारा भोळा निघाला तर कप्तानाचा राजाही व्हायचा. शेवट मात्र ठरलेला, "तीन पिढ्या झाल्या, अंगठीला साधा ओरखडा नाही!"

नातवाचं लग्न ठरलं तेव्हा होणारी नातसून म्हणाली, "मला नवी अंगठी नको. आजींचीच घालीन, नाहीतर बोट रिकामं राहू दे." माझी छाती फुगली. माझ्या गोष्टीचाच प्रताप, दुसरं काय!

अंगठी घालण्याच्या दिवशी सकाळी हिनं मला बजावलं, "मी हॉलवर पुढे जाते. तुम्ही दाढी करा, सोनाराकडे अंगठी उजळायला टाकलीय ती घेऊन या. आणि अहो, डबी उघडू नका."

मी डबी आधी घेतली आणि मग दाढीला गेलो. तिथेच घात झाला. न्हाव्याच्या बाकावर गिऱ्हाइकं बसलेली, नंबर सोडून कुणी उठणार नाही. असे श्रोते मला घरात कुठे मिळतात? अर्धी दाढी होताच डबी उघडली. नुसती दाखवून काय मजा, म्हणून करंगळीत चढवली आणि हात वर करून कप्तान कसा गटांगळ्या खात होता ते दाखवलं. कप्तान वाचला. अंगठी निघेना.

न्हाव्यानं साबण लावला, तेल चोपडलं, ओढून पाहिलं. करंगळीचं वांगं झालं. "आजोबा, वस्तरा तयार आहे," तो म्हणाला. "अंगठी वाचवायची की बोट?" बाकावरचे खो खो हसले. कप्तानाला कुणी इतकं हसलं नव्हतं.

तसाच अर्ध्या दाढीनं सोनाराकडे पळालो. त्यानं करंगळी उलटसुलट पाहिली. "कापावी लागेल."

"अरे बाबा, पोरीनं हट्टानं मागितलीय ही! तीन पिढ्या साधा ओरखडा..."

"आजोबा, ही तीनदा कापलीय." त्यानं भिंग माझ्या हातात दिलं. "हा एक जोड, हा दुसरा. आणि हा माझ्या वडिलांच्या हातचा. तुमच्या घरच्या आजींनीच आणली होती."

मी करंगळी पुढे केली. त्यानं नव्या जागी कापली, कडा घासून गुळगुळीत केल्या. जोडायला वेळ नव्हता. फट पडलेली अंगठी घेऊन मी हॉलवर गेलो. वाटेत एकच विचार, पोरगी आता नको म्हणाली तर?

हिनं आधी माझी करंगळी पाहिली. "उघडलीत ना?"

"तू मला कधी सांगितलं नाहीस," मी म्हणालो.

"सासूबाईंनी देतानाच सांगितलं होतं. पहिल्यांदा त्यांच्या सासूबाईंचं बोट दारात चेंगरलं तेव्हा कापली. दुसऱ्यांदा तुम्ही पोटात होतात, त्यांची बोटं सुजली. तिसऱ्यांदा माझी, लाँड्रीच्या गरम पाण्यानं. सासूबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या, 'ह्याला सांगू नकोस, गावभर करील.'"

"पण कप्तान तरी खरा ना?"

"तुमच्या आजोबांनी जुन्या बाजारातून आणली होती."

नातसून पुढे झाली. मी मान खाली घालून अंगठी पुढे केली. तिनं फट पाहिली आणि हसायलाच लागली. "आजोबा, आजींनी मला पहिल्याच भेटीत सगळं सांगितलंय. दर वेळी कापली, जोडली आणि पुन्हा घातली. म्हणून तर हीच हवी होती."

"कप्तानामुळे नाही?"

"कप्तान मला तेव्हाच खोटा वाटला होता. पण चौथा जोड माझ्या वाट्याचा होता. तुम्ही मध्येच नंबर लावलात!"

नातवानं अंगठी घातली. तिचं बोट हिच्यापेक्षा जाड, पण फट होती म्हणून अलगद बसली. हे मी सगळ्यांना दाखवून दिलं. कुणी शाबासकी दिली नाही.

उरलेली दाढी करायला गेलो तेव्हा बाक तसाच भरलेला. मी चारही जोडांची खरी गोष्ट सांगितली. न्हाव्यानं विचारलं, "आणि कप्तान?"

"बुडाला," मी म्हणालो.