मांडीवरचं दुमजली घर

पुण्याहून आर्किटेक्चरची पदवी घेऊन मी बारामतीत ऑफिस थाटलं, तेव्हा माझ्याकडे दोन गोष्टी भरपूर होत्या : मोकळा वेळ आणि मतं. किल्लारीचा भूकंप होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. पहिलं काम आलं ते निमगाव केतकीच्या एका निवृत्त गुरुजींचं. भूकंपात त्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, बहिणीचं घर बसलं होतं. बहीण कशीबशी वाचली. तेव्हापासून काकू छपराखाली झोपेनात. थंडी असो, वारा असो, त्यांची बाज अंगणातच. गुरुजींची अट एकच, "नव्या घरात ही आत झोपली पाहिजे." मग हळूच, "आणि खाली ट्रॅक्टर मावला पाहिजे."

मी घर काढलं ते असं : खाली नुसते बारीक खांब आणि वर सगळं घर, तरंगल्यासारखं. माझा इंजिनिअर मित्र नकाशा बघून म्हणाला, "बगळ्याच्या पायांवर म्हैस बसवलीस की रे! जमीन हलली की सगळा मार त्या खांबांवर. खाली कोपऱ्यांना भिंती घे."

"मग ते तरंगणार कसं?"

"तरंगायला होडी आहे का ती?"

त्याला सौंदर्यदृष्टी नाही असं मी जाहीर केलं आणि गुरुजींना दिपवायला मॉडेल बनवलं. वरचा मजला प्लास्टर ऑफ पॅरिसचा, खांब उदबत्तीच्या काड्यांचे. ते मांडीवर घेऊन इंदापूरच्या एसटीत बसलो. जागा मिळाली नेमकी मागच्या बाकावर.

"मखर लई भारी हाय," कंडक्टर म्हणाला. "गणपती कुठाय?"

पहिल्या खड्ड्यात खांब तिरके झाले. दुसऱ्यात मी वरचा मजला दोन्ही हातांनी उचलून धरला. तिसऱ्यात ते हात स्वतःलाच सावरायला लागले. निमगावात उतरलो तेव्हा वरचा मजला ठणठणीत होता आणि खालचा नव्हता.

"सध्या वरच्याच मजल्याचं मॉडेल आणलंय," मी बेधडक सांगितलं.

"वा!" गुरुजी म्हणाले. काकूंनी मात्र ते उचललं. खालून काड्यांचा चुरा सांडला.

"ह्ये काय?"

"खांब."

"कशानं मोडलं?"

"एसटीनं." खरं तोंडातून निसटलंच.

काकू गुरुजींकडे वळल्या. "आवो, यष्टीला न्हाय टिकलं, ते धरणीला टिकंल व्हय?"

"अगं, खऱ्या घराला लोखंड असतं. आणि ट्रॅक्टर कुठं लावायचा मग?"

"ट्रॅक्टरला भायेर झोप लागती. मला न्हाय लागत." मग माझ्याकडे बघून, "सायेब, तुमी झोपाल का ह्यात?"

होय म्हणायलाच तोंड उघडलं होतं. पण त्यांची नजर हलेना.

"नाही," मी म्हणालो.

मित्राकडे गेलो. तो हसला नाही, याचंच जास्त लागलं. चारी कोपऱ्यांना भिंती आल्या, खांब जाडजूड झाले. घर उठलं ते अंड्यांवर बसलेल्या कोंबडीसारखं, जमिनीला घट्ट धरून.

वास्तुशांतीनंतर पंधरा दिवसांनी भर दुपारी फोटो काढायला गेलो. गुरुजी दारातच तोंडावर बोट ठेवून उभे.

"हळू बोला. झोपलीय."

"कुठं?"

"आत." शाळेचा शंभर टक्के निकाल सांगावा तसं म्हणाले.

"मग बाहेरूनच फोटो घेतो."

"कॅमेरा वाजतो का?"

"थोडासा."

"मग बसा."

दोन तास बसलो.