चष्म्याची जागा

गेलेली माणसं स्वप्नात येतात ती मागे राहिलेल्यांना काही शाश्वत सांगण्यासाठी. दामूकाका येतात ते कुळथाच्या पिठल्यावर श्रीरंगने भात जरा जास्त घेतल्यामुळे. भर दुपार आहे, आणि तो जेवून थेट कॉम्प्युटरपुढे बसला आहे.

उद्या काकांचं वर्षश्राद्ध. जन्मभर त्यांनी भजनाला पेटीची साथ केली, पण रेकॉर्डिंग म्हटलं की काहीतरी निमित्त काढून उठायचे. आता इंदूकाकूंना उद्या त्यांची भैरवी ऐकायची आहे. श्रीरंगने ती आठवून आठवून कीबोर्डवर वाजवली, कॉम्प्युटरमधला पेटीचा आवाज लावला, सूर न् सूर जागेवर बसवला. काकूंनी दोनदा ऐकली. शेजारणीच्या मोदकांना म्हणतात त्याच सुरात म्हणाल्या, छान आहे. मग उठता उठता, "पण हे नव्हेत ते."

पडद्यावर सुरांच्या खाली एक पट्टी आहे. कीबोर्डच्या डाव्या टोकाचं दातेरी चाक फिरवलं की तिच्यातली रेष वर-खाली होते, आणि रेषेबरोबर आवाज. श्रीरंग सूर तेच ठेवून फक्त रेष पुन्हा एकदा करून बघायची म्हणून रेकॉर्ड दाबतो आणि भैरवी सुरू होईपर्यंत म्हणून कीबोर्डवर हात आडवा टाकून त्यावर डोकं ठेवतो.

शेजारच्या खुर्चीत काका बसलेले असतात. चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

"ह्यात भाता कुठाय रे, रंग्या?"

"ही रेष, काका. हाच भाता."

काका वाकून बघतात. "ही तर सपाट आहे. मला दवाखान्यात शेवटी लावली होती तसली."

रेष सैल होते, मध्ये झुकते. तिच्यावर काकांचं धोतर वाळत आहे. श्रीरंग ते बाजूला सारून पलीकडे जातो तर चिपळूणचा एसटी स्टँड. बाकावर काका, मांडीवर पेटी, आणि गाडीची वाट बघणारी माणसं ताल धरून बसलेली. काकू हे तुम्ही नव्हेत म्हणते, असं श्रीरंग त्यांना सांगतो.

"बरोबर म्हणते. समेच्या आधी खाली घे."

"तिथं? तिथं तर जोर हवा. लोकांना चूक वाटेल."

"चूकच आहे ती. मान हलवली की चष्मा घसरतो माझा. भात्यावरचा हात काढून तो वर करायचा, तोवर वारा संपतो."

"दर वेळी?"

"दर वेळी. लोक म्हणायचे, दामूअण्णा समेआधी काय श्वास सोडतात. मी कशाला सांगतोय."

"काकूला ठाऊक होतं?"

"तिनंच सांगितलं होतं, काड्या घट्ट करून आणा म्हणून." काका पेटीकडे बघतात. "राहून गेलं."

मग ते श्रीरंगचा हात धरून भात्यावर ठेवतात. त्यांचा हात जड आहे, आणि ऊबदार. गाडी लागल्याची घोषणा होते. काका चष्मा वर करतात.

श्रीरंग डोळे उघडतो. पहिली फेरी संपून भैरवी पुन्हा वाजते आहे. पडद्यावरची रेष समेच्या जराशी आधी खाली उतरली आहे आणि लगेच वर आली आहे. दारात काकू चहाचा कप घेऊन उभ्या आहेत.

"घसरला बघ ह्यांचा चष्मा," त्या हळूच म्हणतात. चहा तसाच हातात ठेवून त्या खुर्चीत बसतात आणि पुन्हा लाव म्हणतात.

श्रीरंग पुन्हा लावतो. त्याच्या कोपराखाली कीबोर्डवरच्या चाकाचे दाते उमटलेले असतात.