एका खटक्यासाठी धुळे

थांबा, हे आत्ताच सांगून टाकते, नाहीतर माझं पोट फुटेल. काल संध्याकाळी जळगावच्या पिंप्राळ्यातल्या आमच्या घरात एक स्टीलचा चौकोनी डबा गाऊ लागला. डबा मी बनवला. म्हणजे डबा धुळ्याच्या भांडीवाल्याचा, आतलं सगळं माझं. पण त्या डब्यासाठी मी जळगाव ते धुळे जो प्रवास केला त्याची गंमत वेगळीच आहे, म्हणून पहिल्यापासून सांगते. टाइप करताना चुका झाल्या तर चालवून घ्या.

तर माझे पप्पा. भुसावळजवळच्या वीज केंद्रात पूर्ण नोकरी टर्बाइनच्या आवाजात काढली, आता रिटायर. तरुणपणी कॉलनीतल्या गायन पार्टीत भीमगीतांना कोरस द्यायचे. त्या पार्टीच्या एका जयंतीच्या कार्यक्रमाची कॅसेट त्यांच्या मित्राला माळ्यावर सापडली आणि मित्राच्या मुलाने ती मोबाइलवर उतरवून पाठवली. पप्पा इतके खूश, की ऐकायच्या आधी दाढी केली. मग त्यांच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला मोबाइल जोडला, हेडफोन लावले, डोळे मिटले. आणि थोड्या वेळाने हेडफोन काढून ठेवले.

"मशीनमध्ये दम नाही राहिला," म्हणाले. "गाणारे कुठे आहेत यात? नुसती ढोलकी वाजतेय."

मी ऐकून पाहिलं. मला गाणं ऐकू येत होतं, पण बारीक, लांबून आल्यासारखं. म्हटलं, बरोबर आहे, आवाज कमजोर भरलाय, तो अ‍ॅम्प्लिफायरला पुरत नाही. याला मध्ये प्रीअ‍ॅम्प पाहिजे. प्रीअ‍ॅम्प म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी बसणारं छोटं सर्किट, कमजोर आवाजाला उचलून नीट करून पुढे पाठवणारं. मी आयुष्यात एक डोअरबेल सोडून काही जोडलं नव्हतं. पण पप्पांनी त्यानंतर हेडफोनला हात लावला नाही. मित्राचा फोन आला, "ऐकलं का रे?" तर "हो हो, मस्त" म्हणून विषय बदलला. ते मला बघवलं नाही.

पहिली फेरी जळगावातच. स्टँडकडच्या दुकानात आयसी, म्हणजे सर्किटची मुख्य चिप, मिळाली, रजिस्टन्स मिळाले, कंडेन्सर मिळाले. दुकानदार भाऊंनी दिलेला पहिला कंडेन्सर कूलरच्या मोटारीचा होता, वांग्याएवढा. मी म्हटलं, भाऊ, याहून लहान. ते म्हणाले, "कॉलेजचं प्रोजेक्ट का?" मी म्हटलं, नाही, घरी गाणी ऐकायला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की पुढे मी प्रत्येक दुकानात "हो, प्रोजेक्ट" म्हणायचं ठरवलं. पण बारा-झिरो-बारा ट्रान्सफॉर्मर (घरातली वीज बारा व्होल्टवर आणणारा) चांगला नव्हता आणि डबल व्हॉल्यूम (डाव्या-उजव्या दोन्ही बाजू एकदम फिरवणारा नॉब) तर नव्हताच. भाऊ म्हणाले, "हे आता धुळ्याला बघ. तिथे बँडवाल्यांचं सामान दुरुस्त करणारे बसतात."

ऑनलाइन मागवता आलं असतं, माहितेय मला. पण पप्पांनी जन्मभर कंट्रोल पॅनलवरचे नॉब फिरवलेत. हलका प्लॅस्टिकचा नॉब त्यांच्या हाताला खोटा वाटतो. तो मला स्वतः फिरवून बघायचा होता.

सकाळची एसटी धरली. डिसेंबरची मऊ थंडी, खिडकीची काच अर्धीच लागणारी. पाळधी गेलं की दोन्ही बाजूंना कपाशी, बोंडं फुटून पांढरी झालेली. एरंडोलला एक अक्का चढल्या, हातात भरताच्या वांग्यांची पिशवी, आणि माझ्या शेजारी बसल्या. पारोळ्याला लेकीकडे चालल्या होत्या. मी कानात इअरफोन घालून तेच जयंतीचं गाणं ऐकत होते, प्रीअ‍ॅम्पला किती उचल द्यावी लागेल याचा अंदाज घेत.

अक्का थोडा वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "काय ऐकी राह्यनी व पोरी? माले बी दे ना." (काय ऐकतेयस, मला पण दे.)

मी उजवा इअरफोन काढून त्यांना दिला. त्यांनी कानाशी धरला, मान डोलावली, मग मान थांबली.

"गाणारा कथा गया? नुसती ढोलकी वाजी राह्यनी." (गाणारा कुठे गेला?)

मी हसून म्हटलं, आहे ना अक्का, गातोय ना तो.

"कथा गाई राह्यना? तुन्हा कानमा गात व्हई." (कुठे गातोय? तुझ्या कानात गात असेल.) आणि मागच्या सीटवरच्या बाईंकडे वळून म्हणाल्या, "देखा, गाणं सोता ठी लिधं, नि माले ढोलकी दिधी." (गाणं स्वतःकडे ठेवलं आणि मला ढोलकी दिली.) मागची बाई पोट धरून हसली.

मी इअरफोन बदलून दिले. डावा त्यांना, उजवा मला. अक्कांचा चेहरा खुलला. आणि माझ्या कानात नुसती ढोलकी आणि पेटी. गाणं नाहीच. कार्यक्रम भरताना एक माइक गाणाऱ्यांसमोर आणि दुसरा वाजवणाऱ्यांसमोर ठेवला असणार. सगळे आवाज डावीकडे, सगळी वाद्यं उजवीकडे.

नुसती ढोलकी वाजतेय. पप्पांचं वाक्य, शब्दाला शब्द.

मग एकेक गोष्ट आठवायला लागली. पप्पा रस्त्याने चालताना मला नेहमी उजवीकडे घेतात. फोन उजव्या कानाला. सोफ्याचा डावा कोपरा त्यांचा, तिथे पाहुणा बसला तर ते उभे राहतात. मम्मी डावीकडून बोलली की "टीव्ही चालू आहे ना" म्हणून परत विचारतात, टीव्ही बंद असला तरी. मशीनला काही झालेलं नव्हतं. डावा कान टर्बाइनपाशी राहिला होता, आणि ते त्यांना माहीत होतं की नव्हतं तेही मला कळेना.

पारोळ्याला उतरताना अक्कांनी पिशवीतून एक वांगं काढून माझ्या मांडीवर ठेवलं. "गाणंना बदलामा," म्हणाल्या. (गाण्याच्या बदल्यात.) म्हणून मी धुळ्याला एक वांगं घेऊन पोचले.

धुळ्याच्या जुन्या भागात गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. चुकायची सोय नाही असं सगळे म्हणतात, तरी मी चुकले. आधी जेवून घेतलं: शेवभाजी, आणि कळण्याची भाकरी (ज्वारीत उडीद दळून केलेली) मिळाली म्हणून तीच. तिखटाने कान गरम झाले. नाक पुसत पुसत विचारत गेले तेव्हा ते दुकान सापडलं. बाहेर लग्नाच्या बँडचे दोन भोंगे उलटे ठेवलेले, आत ड्रॉवरच ड्रॉवर, आणि मध्ये दुकानाचे मालक. सगळे त्यांना नाना म्हणत होते.

"प्रोजेक्ट?" नानांनी विचारलं.

"हो."

"आवाज किती पाहिजे?"

"हळू पाहिजे."

नाना माझ्या पिशवीतल्या वांग्याकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिले. "जळगावची माणसं हळू ऐकायला लागली का आता? आमच्याकडे नवरदेवाचा घोडा बसला पाहिजे इतका आवाज मागतात." त्यांनी एक डबल व्हॉल्यूम पुढे केला. फिरवून पाहिला तर पावच वळणात सगळा आवाज बाहेर काढणारा, बँडवाल्यांना लागतो तसा. मी म्हटलं, हळूहळू चढणारा द्या. नाना कुरकुरत स्टुलावर चढले, वरचा ड्रॉवर उघडला. तिथे होता. जड, तुपात फिरवल्यासारखा.

मग मी खरं सांगितलं. प्रोजेक्ट नाही नाना, पप्पांसाठी आहे, त्यांना एका कानाने कमी येतं.

"मग इतकी काय चिंता. बॅलन्सचा नॉब लाव. चांगल्या कानाकडे फिरवला की झालं."

"नाही होत. बॅलन्स म्हणजे दोन नळांपैकी एक बंद करणं. गाणं डाव्या नळात आहे, आणि बादली फक्त उजवीकडे आहे. मला डावीकडचं पाणी उजव्या बादलीत आणायचंय."

"मग दोन्ही नळ जोडून टाक."

"थेट जोडले तर एकमेकांना ढकलतात. मध्ये रजिस्टन्स घालून जोडणार."

नानांनी चष्मा वर सरकवला. "मार्क चांगले पडतील तुला." मग म्हणाले, "तर आतूनच कायमचं जोड. वडिलांना सांगू पण नको. मशीन सुधारलं म्हणायचं. माझे मोठे भाऊ कानाचं मशीन घेऊन दिलं तर वर्षभर बोलले नाहीत माझ्याशी."

इथे मी अडकले. आयसी निवडायला मला एक रात्र पुरली होती, पण हे सुटेना. दोन्ही बाजू जोडणारा-तोडणारा स्विच बाहेर नसला तर पप्पांना गाणं मिळेल आणि त्यांना वाटेल मशीन दुरुस्त झालं. मला माहीत, त्यांना माहीत नाही. किंवा दोघांना माहीत आणि दोघं गप्प. स्विच ठेवला तर वर-खाली केल्यावर त्यांना दिसणारच, की फरक मशीनमध्ये नाही. ते चिडले तर? डबापण माळ्यावर जाईल.

नानांच्या काचेखाली एक खटक्याचा स्विच पडला होता. लोखंडी दांडी, दाबला की "खट्" असा आवाज, अगदी वीज केंद्राच्या पॅनलवर असतो तसा. मी तो चार-पाचदा वर-खाली केला.

"घेते हा," म्हटलं.

"बघ हां," नाना म्हणाले. आणि ट्रान्सफॉर्मर बांधून दिला.

सर्किटला धातूचा डबा लागतो, नाहीतर गाण्याबरोबर भुणभुण पण ऐकू येते. तयार डबे भारी महाग, म्हणून मी भांडीवाल्याकडे गेले आणि दोन चौकोनी डबे काढायला सांगितले, पप्पांना द्यायचेत म्हटलं. दोन, कारण ट्रान्सफॉर्मर वेगळा ठेवायचा होता.

"एक वडिलांना, एक सासऱ्यांना?" भांडीवाले काका म्हणाले.

"दोन्ही वडिलांनाच."

ते आत गेले, मी समोर चहा घेतला. परत येऊन बघते तर मोठ्या डब्याच्या बरोबर मधोमध, जिथे व्हॉल्यूमचं भोक पाडायचं होतं तिथेच, मशीनने सुंदर अक्षरात कोरलेलं: तीर्थरूप पप्पांस सप्रेम भेट. कोरायचं मी काही बोललेच नव्हते. काका म्हणाले, "नाव टाकल्याशिवाय भांडं देतो का आपण? फुकट आहे." घेतला.

परतीची एसटी संध्याकाळची. मांडीवर डबे, डब्यात ट्रान्सफॉर्मर, वर वांगं. कपाशीवर ऊन तिरपं पडलेलं. पारोळा आलं तेव्हा अक्का कुठे दिसतात का ते पाहिलं. नाही दिसल्या.

जोडायला पुढचा आठवडा गेला. पिंप्राळ्यातल्या ग्रिलवाल्या दादाने भोकं पाडून दिली, व्हॉल्यूमचं भोक "सप्रेम"च्या मधून गेलं. पहिल्यांदा लावला तेव्हा काहीच वाजलं नाही, कारण मी आयसी उलटी बसवली होती. ती गेली. दुसरी होती.

आणि काल. पप्पा ओट्यावर, हेडफोन लावून. मी मोबाइल सुरू केला. त्यांनी नॉब फिरवला, बोटांनी वजन घेतलं, "चांगला आहे," म्हणाले. मग ऐकत राहिले आणि चेहरा तसाच, मागच्या वेळसारखा.

"नुसती ढोलकी," म्हणाले. अगदी हळू, मला वाईट वाटू नये म्हणून.

"तो खटका खाली करून बघा."

खट्.

पप्पांनी मान वर केली. "हा आमच्या पार्टीतला प्रल्हाद," म्हणाले. मग थोड्या वेळाने, "आणि हा मी. सुटलाय सूर." हसले. मग त्यांनी खटका वर केला. परत खाली. परत वर. पॅनलवर तपासणी करायचे तसे, दोन्हीकडे थांबून.

"वर असताना तुला काय ऐकू येतं?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. "डाव्या बाजूने गाणं, उजव्या बाजूने ढोलकी," मी म्हटलं.

"हं."

त्यांनी डब्यावरची अक्षरं अंगठ्याने पुसली. मग खटका खाली केला, आणि हेडफोनची डावी बाजू कानावरून काढून बाहेरच्या बाजूला वळवली.

"ये, इकडे बस. ही बाजू माझ्या काही कामाची नाही."

मी त्यांच्या डावीकडे जाऊन बसले. मला आठवतं तसं पहिल्यांदाच. डोक्याला डोकं लावून आम्ही दोघांनी पूर्ण कार्यक्रम ऐकला. मम्मी दारात येऊन म्हणाली, "एका दावणीला बांधल्यासारखे बसलेत दोघं," आणि भरताचं वांगं भाजायला निघून गेली. मग पप्पांनी त्या मित्राला फोन लावला, उजव्या कानाला, आणि म्हणाले, "आता ऐकलं रे. त्या दिवशी नव्हतं ऐकलं."

मी नुसते पार्ट निवडायला गेले होते. आयसी, व्हॉल्यूम, ट्रान्सफॉर्मर, सगळं वाचून, तुलना करून. सगळ्यात जास्त विचार करावा लागला तो त्या एका खटक्याचा, आणि तो तर मी निघाले तेव्हा माझ्या डोक्यातही नव्हता. एसटीत शेजारी अक्का बसल्या नसत्या तर मी पप्पांना आणखी मोठ्याने वाजणारी ढोलकी दिली असती.

आता तुम्ही सांगा. तुमच्या घरात कोणी असंच एखादं मशीन बिघडलंय म्हणून बाजूला ठेवलंय का? आणि तुम्ही पण माझ्यासारखे आधी मशीनच उघडून बसला होता का?