दिनेशने वर्षाचा प्लॅन बंद केला तेव्हा

दिनेश जाणार, हे मला त्याच्या रेटवरून कळलं.

डॉक्टर माझ्याशी कधी बोललेच नाहीत. घरात सगळे म्हणायचे, "काही नाही आई, लिव्हरला सूज आहे."

सूज. बरं.

मी दिनेशची आई. मला लिहिता-वाचता येत नाही. मी बोलतेय आणि त्याची मुलगी केतकी तिच्या प्रोफाइलवर टाईप करतेय. चुका तिच्या, टोमणे माझे.

आज त्याला जाऊन वर्ष झालं.

माहीत नसेल त्यांना सांगते. आमचा दिनेश हाउसिंग सोसायट्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायचा. मेंटेनन्सची बिलं, पावत्या, पार्किंग, सगळं त्यात. भाईंदर पूर्वेला आमच्या हॉलमध्ये एक टेबल आणि एक कॉम्प्युटर, हीच कंपनी. साहेब तोच, शिपाई तोच. चहावाली मी, बिनपगारी.

सुरुवातीला तो सीडी एकदाच विकायचा. पैसे एकदा यायचे, सेक्रेटरी लोकांचे फोन मात्र जन्मभर. प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी ह्यालाच फोन.

मग एक दिवस कुठलंसं सेमिनार करून आला. एकदम खूश.

"आई, आता सबस्क्रिप्शन. दर वर्षाची फी. फ्लॅटमागे रेट. मोठी सोसायटी जास्त देणार, छोटी कमी."

लालबागला होतो तेव्हा मी घरोघर देवाच्या फुलांची पुडी द्यायचे. रोज पुडी, पैसे महिन्याला.

म्हटलं, "म्हणजे माझा रतीबच की. त्यासाठी एसीत बसून जेवून आलास?"

"तुझ्या रतीबाला रिन्यूअल होतं का?"

"होतं. एक तारखेला दारात जाऊन उभी राहायचे."

असा हसला होता!

वर्षाच्या प्लॅनवर त्याचा फार जीव. पैसे आधी हातात येतात, गिऱ्हाईक मध्येच सुटत नाही. आणि तीन वर्षांचे एकदम भरले तर डिस्काउंट. भाजीवाला कोथिंबीर घालतो ना वर, तसा तो डिस्काउंट घालायचा. कमिटीतली भांडकुदळ माणसंसुद्धा गप सही करायची.

सोसायट्यांचं वर्ष एप्रिलला लागतं. गेल्या वर्षी मार्चमध्ये ह्याचे डोळे पिवळे झालेले. पोट फुगलेलं, हातापायाच्या काड्या. आणि फोनवर मी ऐकते तर काय,

"नाही साहेब, वर्षाचा प्लॅन बंद केलाय. महिन्याचा घ्या."

एकाला. दुसऱ्याला. सगळ्यांनाच.

मी भडकले. "अरे, हॉस्पिटलला पैसा लागतोय आणि तू आलेली लक्ष्मी परत पाठवतोस?"

"नवीन स्ट्रॅटेजी आहे, आई."

"आणि इतकी वर्षं घसा फोडत होतास ती कुठली होती?"

"मार्केट बदललं गं."

मार्केट बदललं म्हणे. मी त्याच्या डोळ्यांकडे बघितलं. त्याने कॉम्प्युटरकडे.

त्याच आठवड्यात सिल्व्हर पार्कचे शहाभाई आले. तिथल्या एका सोसायटीचे सेक्रेटरी. एरवी एका रुपयासाठी तासभर घासाघीस करणारा माणूस. त्या दिवशी स्वतः चेक घेऊन आलेला.

"दिनेशभाई, तीन साल का ले लो. डिस्काउंट भी मत दो."

"शहाभाई, एक महिने का दीजिए."

"अरे, लो ना! मैं कहाँ भाग रहा हूँ?"

"आप नहीं भाग रहे."

एवढंच बोलला.

मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. गाळणं तसंच हातात राहिलं.

मग मीच कप घेऊन बाहेर गेले.

म्हटलं, "शहाभाई, इसका दिमाग फिर गया है. आप बिस्कुट खाओ."

ते गेल्यावर दिनेशने विचारलं, "ऐकलंस?"

"मला कुठे कळतंय तुमचं ते सॉफ्टवेअर?"

त्याने मान हलवली. विषय संपला. त्यानंतर आम्ही दोघंही तेच नाटक करत राहिलो. तो स्ट्रॅटेजी म्हणायचा, मी त्याला येडा म्हणायचे.

पण एक तारीख आली की मी दाराआड कान लावून बसायचे.

तो उशीला टेकून एकेका सोसायटीला फोन लावायचा. "हां, ह्या महिन्याचं रिन्यू करतो."

महिना विकला. म्हणजे एवढा महिना तरी आपण आहोत, असं तो स्वतः धरून चाललाय.

मी देवापुढे साखर ठेवायचे.

मे झाला. जून. जुलै. मला वाटायला लागलं, डॉक्टरांना काय कळतंय!

मग एका एक तारखेला तो फोनवर दुसरंच बोलायला लागला.

"ह्या महिन्याचे पैसे नकोत. दुसरी एक कंपनी आहे, चांगली माणसं आहेत. तुमचा सगळा डेटा त्यांना दिलाय. काही अडलं तर त्यांना फोन करा."

लेकी उजवाव्यात तशा त्याने एकेक करून सगळ्या सोसायट्या उजवल्या. संध्याकाळपर्यंत आवाज बसला त्याचा.

मी साखर ठेवली नाही.

त्याच महिन्यात तो गेला.

कुठल्याच सोसायटीने भरलेल्या पैशातला एक दिवससुद्धा त्याच्याकडे बाकी राहिला नाही. तेराव्याला शहाभाई हेच सांगत होते सगळ्यांना, आणि रुमालाने नाक पुसत होते.

शहाणा रे माझा. गिऱ्हाइकांना बरोबर सांगितलंस, किती दिवस आहेत ते. आईला तेवढं सूज आहे म्हणून सांगितलंस.

मलाही महिन्याच्या बोलीवर सांगायचं होतंस रे. मी जास्त मागितलं नसतं. एक महिना म्हणाला असतास, तर तुझ्या टेबलापाशी खुर्ची टाकून महिनाभर उघड बसले असते. दाराआड बसले नसते.

केतकी म्हणते, आजी, शेवटी भावपूर्ण श्रद्धांजली लिहायचं असतं.

आईने मुलाला ते म्हणायचं? माझ्या तोंडातून नाही निघत.

नीट जा रे, बाळा.