रॅकमावशीचा उजवा अंगठा

कंपनीत तिला रॅकमावशी म्हणत. हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणाला आठवत नाही, पण ठेवणाऱ्याचं डोकं ठिकाणावर होतं एवढं नक्की. सर्व्हरच्या लोखंडी रॅकपुढे गुडघे टेकून, मान आत घालून काम करणारी ही बाई. कंपनीतल्या निम्म्या लोकांना तिनेच शिकवलेलं, मग ती मावशी नाही तर कोण? वय पन्नाशीच्या आसपास, केस घट्ट बांधलेले, चष्मा दोरीने गळ्यात, आणि खांद्याला हत्यारांची काळी बॅग. त्या बॅगेला दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला खपत नसे.

सुरुवातीला ती कंपनीच्या गोदामात होती. सुटे भाग पुसायचे, पिशव्यांत घालायचे, कपाटात लावायचे. एकदा गिऱ्हाईकाकडे सर्व्हर दुरुस्तीला जाणारा माणूस आयत्या वेळी आलाच नाही, म्हणून नुसता भाग पोचवायला हिला पाठवलं. तिथे तो बसवणारं कुणीच नव्हतं. हिने फोन कानाशी धरला आणि विचारत विचारत स्वतःच बसवून टाकला. संध्याकाळी नवऱ्याला म्हणाली, "मी आता गोदामात बसणार नाही." नवरा बस चालवून दमून आलेला. "नको बसू," म्हणाला आणि जेवायला लागला. त्या घरात मोठे निर्णय असेच होत.

पुढे तिचा हात असा काही बसला, की अवघड काम आलं की साहेब दुसऱ्या कुणाचा विचारच करीत नसत. आणि तिचं सगळं कसब होतं ते अंगठ्यात. रॅमची, म्हणजे मशीनच्या मेमरीची, पट्टी बोर्डावरच्या खाचेत उभी धरायची, दोन्ही टोकांवर अंगठे ठेवायचे आणि सरळ खाली दाबायचं. पट्टी पुरती बसली की दोन्ही बाजूंच्या चिमुकल्या प्लास्टिकच्या खिट्ट्या उठून आपोआप लागतात आणि अंगठ्याला बारीकसा टक् कळतो. कानाला नव्हे, सर्व्हर रूममध्ये पंख्यांचा एवढा गदारोळ, की शेजारचा माणूस ओरडला तरी त्याचं नुसतं तोंड हलताना दिसतं. नव्या माणसाला ती पहिल्याच दिवशी बजावायची, "खिट्टी आपण लावायची नाही. ती आपली आपण लागली पाहिजे. बोटाने लावशील तर वरून सगळं छान दिसेल आणि आत पट्टी अर्धवट राहील." हे ऐकून ऐकून लोकांचं तोंडपाठ झालं होतं. काही जण तिच्या मागे तिची नक्कलही करीत, आणि ते तिला माहीत होतं.

अशा बाईचं उजवं मनगट मोडावं, तेही ओल्या जिन्यावरून घसरून, याला काय म्हणायचं? प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिरच राहिली. टाचणी टोचली तरी कळेना. डॉक्टर म्हणाले, शीर दबली होती, संवेदना येईल तेव्हा येईल, कदाचित येणारही नाही. हे सांगून ते पुढच्या पेशंटकडे वळले. डॉक्टरांचं बरं असतं.

साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने तिला खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाला, "मावशी, आता फोनवर बसा. लोकांच्या तक्रारी ऐकायच्या, सल्ला द्यायचा. तुमच्याइतकं कुणाला येतंय?"

"किती दिवस?"

"दिवस कसले? कायमचंच."

फोनवरचं काम हलकं असतं असं तिला मुळीच वाटत नव्हतं. पण दुसऱ्याला बसव म्हणून सांगायचं आणि आपण हात मांडीवर ठेवून ऐकत राहायचं, हे तिच्याच्याने होणारं नव्हतं. तिने चहाचा कप तसाच खाली ठेवला आणि सांगितलं, की मला एक काम द्या. एकच. ते जमलं नाही तर खुर्ची आपण होऊन घेईन.

साहेबाने बराच वेळ टेबलावर बोटं वाजवली. शेवटी म्हणाला, "त्या पॅथॉलॉजी लॅबचं काम आहे. प्रोसेसर दोन्ही बदलायचे, रॅम वाढवायची. जाड्या सोबत येईल. तुमच्याच्याने होत नाही असं दिसलं तर पुढचं तो करेल, आणि मग बॅग त्याच्याकडे."

"चालेल," ती म्हणाली, आणि घरी येऊन जेवणाच्या टेबलावर एक बंद पडलेला सर्व्हर बोर्ड मांडून बसली. जेवणं ओट्यावर व्हायला लागली. रॅमची पट्टी डाव्या हाताने बसवायची, काढायची, पुन्हा बसवायची. डावा हात म्हणजे आजवर नुसता धरण्याचा मानकरी. त्याला दाबायला सांगितलं की तो भलतीकडेच दाबायचा. पट्टी तिरकी व्हायची आणि ती स्वतःवरच चिडायची.

सासूबाई समोर बसून बघत होत्या. त्या जन्माच्या डावखुऱ्या. लहानपणी मार खाऊन उजव्या हाताने लिहायला शिकलेल्या, पण सुई अजून डाव्याच हातात. चार दिवस त्यांनी तोंड मिटून धरलं, हेच नवल. पाचव्या दिवशी म्हणाल्या, "अगं, तू डाव्याला उजव्याच्या जागी उभं करतेस. त्याला ती जागा परकी आहे. ती पाटी फिरव आधी."

"आई, ही पाटी नाही, बोर्ड आहे."

"बोर्ड तर बोर्ड. फिरव."

तिने बोर्ड जागच्या जागी अर्धा वळवून घेतला, पलीकडची बाजू आपल्याकडे. आता डावा हात आतून बाहेर न येता सरळ खाली येत होता. पहिली पट्टी बसली आणि तिच्या डाव्या अंगठ्याला, आयुष्यात पहिल्यांदा, तो टक् कळला. तिला एकदम रडूच आलं. सासूबाई म्हणाल्या, "रडतेस काय? आता टेबल मोकळं कर, माझी पाठ अवघडलीय त्या ओट्याशी." पण टेबल आणखी बरेच दिवस मोकळं झालं नाही, आणि पाठीचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

कामाचा दिवस रविवार ठरला. सकाळी लॅब बंद, दुपारपासून घरोघरचे रक्ताचे नमुने यायला सुरुवात. तोवर मशीन चालू पाहिजे. नव्या प्रोसेसरची मशीनला ओळख पटावी म्हणून लागणारं सॉफ्टवेअर तिने आदल्याच दिवशी ऑफिसात बसून नेटवरून चढवून ठेवलं होतं. लॅबच्या मॅडमनी दार उघडलं, तिच्या मनगटावरच्या व्रणाकडे पाहिलं आणि काचेपलीकडे जाऊन उभ्या राहिल्या.

सर्व्हर बंद केला, विजेच्या वायरी काढल्या, जाड्याने एका बाजूने आणि तिने कोपर लावून दुसऱ्या बाजूने तो टेबलावर घेतला. नावाला जाड्या, माणूस मनाचा मऊ, तिच्याच हाताखाली शिकलेला. आपल्याला इथे कशाला पाठवलंय हे त्याला पुरतं ठाऊक होतं, आणि त्यामुळे तो तिच्या नजरेला नजर देत नव्हता.

तिने शरीरातली वीज भागांना बाधू नये म्हणून मनगटाला पट्टी बांधली, झाकण काढलं आणि टेबलाला वळसा घालून पलीकडे जाऊन उभी राहिली. जाड्याला कळेना, मावशी मशीनच्या उलट्या अंगाला का गेली. तिने सांगितलंही नाही. प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा, हीटसिंक, त्याचे स्क्रू कर्णाकर्णाने थोडे थोडे सैल केले, जुनी वाळकी पेस्ट पुसली, तरफ उचलून जुना प्रोसेसर कडांना धरून वर घेतला. खाली सॉकेटमध्ये केसाहून बारीक पिनांचं शेत. तिथे प्रोसेसर निसटून पडला तर बोर्डच गेला. नवा प्रोसेसर तिने डाव्या हातात घेतला, कोपऱ्यावरचा छोटा त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवला आणि श्वास रोखून खाली ठेवला. ठेवला, दाबला नाही. तो आपल्या वजनाने बसला. दुसराही बसला. जाड्याने तेव्हा कुठे पाय बदलला.

नवी पेस्ट लावून हीटसिंक पुन्हा कसले. मग रॅम. पट्ट्या भराभर बसू लागल्या. एका टोकाला डावा अंगठा, दुसऱ्या टोकाला उजवा, आणि उजव्याचं काम फक्त भार द्यायचं. डाव्याला टक् कळला की पुढची. काम हाताखालून असं सरकत गेलं, की तिला जुने दिवस आठवले. झाकण लागलं, सर्व्हर रॅकमध्ये गेला, वीज आली.

मॉनिटरचा पडदा काळाच राहिला. रॅम नवी असली की मशीन पहिल्यांदा सुरू होताना एकेक पट्टी तपासत बसतं आणि तोवर काही दाखवत नाही. अशा वेळी भले भले घाबरून बटण दाबतात आणि होतं तेही घालवतात. जाड्याचा हात बटणाकडे निघालाच होता. "हात मागे," ती म्हणाली. पंख्यांच्या आवाजात ते त्याला ऐकू गेलं नसणार, पण तो समजला. काचेपलीकडे मॅडम पुन्हा पुन्हा घड्याळ बघत होत्या. अखेर पडदा उजळला. प्रोसेसर दोन्ही दिसले. रॅमची एक पट्टी दिसत नव्हती.

जाड्या तिच्या कानाशी वाकला. "मावशी, पट्टीच खराब असेल. तुम्ही जरा बाहेर बसा, मी पटकन बघतो. साहेबांना काय कळतंय?"

त्याने हे प्रेमाने म्हटलं होतं, आणि म्हणूनच ते तिला जास्त लागलं. "तू उचलायला आलायस," ती म्हणाली. "उचल."

सगळं पुन्हा बंद. पुन्हा वायरी, पुन्हा टेबल, पुन्हा झाकण. पडद्याने सांगितलेली जागा तिने शोधली. दुसऱ्या प्रोसेसरच्या हीटसिंकला लागून असलेली, वायरींच्या जुडग्याखालची खाच. वरून बघायला सगळं ठीक, दोन्ही खिट्ट्या लागलेल्या. तिने चष्मा चढवून डोळा पट्टीच्या रेषेत आणला. उजवं टोक नखभर वर होतं.

आणि तिला आठवलं. इथे बधिर अंगठा जुडग्यावरून घसरला होता, डाव्याला टक् कळला होता, आणि उजव्या बाजूची खिट्टी जरा मागे राहिलेली दिसली म्हणून तिने ती बोटाने लावली होती. तिने. निम्म्या कंपनीला जे करू नका म्हणून सांगितलं, ते तिने स्वतः, चालत्या कामात, हसत हसत केलं होतं. तिचे कान गरम झाले. क्षणभर तिला वाटलं, साहेबाचंच बरोबर आहे, खुर्चीच बरी.

पण ते क्षणभरच. लाज वाटून घ्यायला घर आहे, असं स्वतःला दटावून तिने पट्टी मोकळी केली. डावा अंगठा दोन टोकांना एकाच वेळी पुरणार नव्हता. उजव्या अंगठ्याला काही कळत नव्हतं, आणि आज तो काही सुधारणार नव्हता. मग या हातात कळतं कुणाला? तिने उजव्या हाताचं एकेक बोट टेबलाच्या धारेवर दाबून पाहिलं. अंगठा, काही नाही. पुढची दोन, काही नाही. चौथं, अर्धंमुर्धं. करंगळीला धार स्पष्ट टोचली.

तिने उजव्या हाताची मूठ वळली. वायरींचं जुडगं जाड्याकडून बाजूला धरून घेतलं. एका टोकावर डावा अंगठा आणि दुसऱ्यावर मुठीची करंगळीकडची बाजू ठेवून सरळ खाली भार दिला. जाड्याला ते विचित्र दिसलं असणार. रॅम काय कुणी मुठीने बसवतं? डाव्या खिट्टीने मान वर केली. उजवी उठायला लागली, अडली, आणि मग उठून लागली. करंगळीला टक् कळला.

एवढ्यावर ती थांबली नाही. दुपार डोक्यावर आलेली, मॅडम काचेला नाक लावून उभ्या, तरीही तिने सगळ्या पट्ट्या पुन्हा एकदा मुठीने आणि अंगठ्याने दाबून पाहिल्या. जाड्याने घड्याळाकडे बोट केलं, तिने पाहिलंच नाही. मग झाकण, रॅक, वीज. काळा पडदा. या वेळी जाड्याने हात स्वतःच पाठीमागे बांधले होते.

पडदा उजळला तेव्हा सगळी रॅम जागच्या जागी होती. पहिले नमुने दारात आले तेव्हा मॅडम आपल्या संगणकापुढे बसल्या होत्या. एवढं मोठं रिपोर्टचं पान झटकन उघडलं म्हणून त्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं आणि मान डोलावली.

बाहेरच्या पायऱ्यांवर जाड्या म्हणाला, "मी साहेबांना काहीच बोलणार नाही. पट्टी खराब निघाली, बदलली. विषय संपला."

तिला त्याच्या पाठीवर थाप मारावीशी वाटली. पण असं झाकून ठेवलं तर उद्यापासून बॅग खांद्याला असूनही आपली नसेल, हे तिला दिसत होतं. तिने फोन लावला.

"साहेब, काम झालं. मधे एक पट्टी नीट बसली नव्हती. अंगठा घसरला आणि खिट्टी मी बोटाने लावली. पुन्हा उघडून बसवली."

"म्हणजे दोनदा उघडावं लागलं."

"हो."

"तुमच्या हातून."

"माझ्याच. जाड्याने फक्त वायरी धरल्या."

"मावशी, हे मला कळलंही नसतं."

"म्हणून तर सांगितलं."

"आणि हात?"

"अंगठ्याला कळत नाही, करंगळीला कळतं. आता तिच्यावर काम करते. वेळ जरा जास्त लागेल."

साहेब टेबलावर बोटं वाजवत असल्याचा आवाज फोनमधून येत होता. ती पायरीवर उभी राहिली, बॅगेचा पट्टा घट्ट धरून. जाड्या तिच्या तोंडाकडे बघत होता.

"मंगळवारी दोन मशीनं आहेत," साहेब म्हणाला. "जाड्याला देऊ सोबत?"

"द्या की," ती म्हणाली. "उचलायला माणूस लागतोच."