आमच्या सोसायटीचं पूजेचं मशीन

मित्रांनो, सकाळपासून कशातच लक्ष लागत नाहीये, म्हणून लिहितोय.

कोविडमध्ये आमच्या सिल्व्हर पार्कच्या सोसायटीने ऑक्सिजनचं मशीन घेतलं होतं. "पुन्हा तशी वेळ आली तर आपण तयार असू," असं मीटिंगमध्ये मीच छाती फुगवून बोललो होतो. सेक्रेटरी मीच.

आज सकाळी पहिल्या मजल्यावरचे शेखभाई धावत आले. "सेक्रेटरी साब, वो कोविडवाला मशीन दो ना, बीवी को साँस नहीं आ रही!"

ऑफिस उघडून मशीन वर नेलं, बटण दाबलं. लाल दिवा लागला आणि ते नुसतंच किंचाळायला लागलं. ऑक्सिजन येईचना. वर कुंकवाची बोटं, मागच्या जाळीत झेंडूच्या वाळक्या पाकळ्या. दर दसऱ्याला आम्ही त्याची पूजा करतो, हार घालतो, फोटो ग्रुपवर टाकतो. चालू करून मात्र एकदाही बघितलं नाही.

अँब्युलन्स येईपर्यंत मी वहिनींना वहीने वारा घालत उभा होतो. आता त्या हॉस्पिटलमध्ये आहेत, बऱ्या आहेत.

दुपारी रिपेअरवाला म्हणाला, "साहेब, बंद ठेवूनच बिघडलंय. अधूनमधून चालवायचं होतं."

शेखभाईंनी दोष दिला नाही. उलट मलाच म्हणाले, "मशीन है साब, बिगडता है." तेच जास्त लागलं.

तुमच्या सोसायटीतलं मशीन शेवटचं कधी चालू करून बघितलंत? खरं सांगा. दसऱ्याचा फोटो नका पाठवू, तो माझ्याकडेही आहे.