बाबांचा नकाशा आणि मोहफुलं वेचणारी माई

देवीवर श्रद्धा माझ्या बाबांची. मी फक्त आरतीला उभा राहायचो. म्हणूनच हे लिहिताना संकोच वाटतो.

चैत्रात एका सकाळी फोन आला. गरियाबंदच्या पुढे जंगलालगतच्या गावात राहणारी माझी आत्या शेवटच्या घटका मोजत होती आणि सारखी विचारत होती, "दादा आला का?" दादा म्हणजे माझे बाबा, रेल्वेतून निवृत्त झालेले. शहरातल्या, शंकर नगरच्या घरून आम्ही मोटरसायकलने निघालो. बाबांनी त्यांचा जुना, घड्यांवर चिकटपट्टी लावलेला कागदी नकाशा सोबत घेतला.

गरियाबंद मागे पडल्यावर एक फाटा आला. मोबाईल डावीकडे वळायला सांगत होता. बाबा म्हणाले, "उजव्या हातानं घे. लांब पडते, पण नाल्यावर पूल आहे. नाही तर थांब, कोणाले तरी विचारू."

"बाबा, तुमचा नकाशा कोणत्या जमान्यातला आहे? मोबाईल सांगून राहिला ना! आता मधी मधी बोलू नका."

त्यांनी नकाशाची घडी केली आणि खिशात ठेवली. माझा तो आवाज अजूनही माझ्या कानांतून जात नाही.

पुढे डांबर संपलं, मग मुरूम संपला. सिग्नल गेला आणि पडद्यावरचा निळा ठिपका गोठल्यासारखा थांबला. पायवाटांच्या जाळ्यात तासाहून जास्त वेळ गेला. मी गाडी बंद केली आणि आयुष्यात पहिल्यांदा देवीला मनापासून म्हटलं, "आई, माझं चुकलं. आता तूच ने."

झाडाखाली एक म्हातारी मोहफुलं वेचत होती. आधी ती मला दिसलीच नव्हती. आम्ही काही विचारायच्या आत ती तिकडच्या बोलीत म्हणाली, "ए रद्दा आगू नइ जाय, बाबू. मोर पाछू आव." ही वाट पुढे जात नाही, माझ्या मागे या, असं सांगून भरत आलेली टोपली तिथेच सोडून ती अनवाणी पुढे चालू लागली. कोरड्या नाल्यातून तिने आम्हाला पलीकडच्या पक्क्या सडकेवर आणून सोडलं. मी नाव विचारलं, तर उशीर करू नका अशी खूण करत हसून म्हणाली, "जा, देरी झन कर."

आम्ही पोचलो तेव्हा आत्याची वाचा जाऊन अर्धा तास झाला होता. बाबांनी तिच्या कपाळावर हात ठेवला. तिने डोळे उघडले, त्यांचं बोट घट्ट धरलं, आणि ते बोट हातात असतानाच ती गेली. परतताना बाबा एवढंच म्हणाले, "भेट झाली. हे का कमी आहे?" ते भाबडं वाक्य मला जास्तच टोचलं. आत्याला भावाशी जे बोलायचं होतं, ते मी रस्त्यात हरवलं होतं.

त्यांची माफी मागायचं मी उद्यावर ढकलत राहिलो. त्याच वर्षी थंडीत बाबाही गेले.

पुढच्या चैत्रात त्या म्हातारीसाठी लुगडं घेऊन मी त्या जंगलात गेलो. पाच-सहा बाया फुलं वेचत होत्या. मी सगळी हकीकत सांगितली, तशा त्या खळखळून हसल्या. एक म्हणाली, "रद्दा तो हमन सबो बताथन, बाबू. तोर वाली कोन ए?"

वाट तर त्या सगळ्याच दाखवायच्या; त्यातली माझी कोणती, ते मला चेहऱ्यावरून ओळखता येईना. लुगडं तिथल्या एका टोपलीवर ठेवलं आणि सगळ्यांसमोर वाकलो. तेव्हा कळलं, देवीने मला वाट दाखवायला कधीच नकार दिला नव्हता. विचारायला मीच थांबलो नव्हतो.